आधी कारण, मग दुरुस्ती

छत्रपती संभाजीनगरात समुद्र नाही. बोटीचा गिअरबॉक्स इथे दुरुस्तीला आला होता म्हटलं, तर लोकांना गंमत वाटते. पण वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे गिअर, शाफ्ट, बेअरिंग यांचं काम जाणणारे कारागीर आपल्या शहरात पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच एक. आमचं मूळ गाव मात्र रत्नागिरीकडचं. माझे मामू मिरकरवाडा बंदरातून ट्रॉलर चालवतात. मागच्या जूनमध्ये त्यांच्या बोटीचा गिअरबॉक्स टेम्पोत घालून माझ्या वर्कशॉपमध्ये आला.

बोटीचा गिअरबॉक्स मोटारीसारखा नसतो. त्याची कामं तीनच. पंखा पुढे जाण्यासाठी फिरवणं, मागे येण्यासाठी उलटा फिरवणं आणि इंजिनाचा वेग कमी करून पंख्याला देणं. मामूंच्या बोटीत इंजिनाचे 1800 फेरे झाले की पंख्याचे 600 होतात. मोठा पंखा सावकाश फिरला, तरच जाळं ओढण्याइतका जोर मिळतो. पुढे आणि मागे जाण्यासाठी क्लच प्लेटांचे दोन वेगळे संच असतात. पंपातून आलेलं ऑइल दाबाने त्या प्लेटा एकमेकींवर आवळून धरतं. पकड सैल झाली की प्लेटा घसरतात आणि जळतात. ऑइल तापू नये म्हणून ते कूलरमधून फिरवलेलं असतं. कूलरच्या बारीक नळ्यांमधून समुद्राचं खारं पाणी वाहतं, नळ्यांच्या बाहेरून ऑइल.

गिअरबॉक्स उतरवण्याआधीच मी मामूंना फोनवर चार गोष्टी विचारल्या होत्या. थंड असताना धरतो का? “सकाळी छान धरतो.” मग केव्हा सुटतो? “दोन तास जाळं ओढलं की इंजिन नुसतं ओरडतं, बोट जागची हलत नाही.” मागचा गिअर? “त्याला काही नाही.” आणि ऑइलचा रंग? मामू जरा थांबले. “दुधाच्या चहासारखा.”

मागचा गिअर नीट धरतो, म्हणजे पंप आणि दाब ठीक असणार. दिवसभर वापरात असलेला पुढचा संच गेलेला असणार. पण ऑइल दुधाळ होतं ते पाणी मिसळल्यामुळे. प्लेटा जळाल्याने ऑइल काळं पडेल, दुधाळ होणार नाही. म्हणजे खरा प्रश्न प्लेटांचा नव्हताच. पाणी येतं कुठून, हा होता.

मागच्याच वर्षी एका ठिकाणी याच प्लेटा बदलून झाल्या होत्या. एका हंगामात त्या पुन्हा गेल्या, म्हणून सगळे म्हणत होते, जुना टाका, नवा घ्या. नवा घ्यायचा तर व्याजाने पैसे उचलावे लागणार होते. मामूंनी उभ्या आयुष्यात ते केलं नव्हतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी. जे काही करायचं ते त्या दोन महिन्यांत. 1 ऑगस्टला बोट निघाली नाही, तर खलाशी दुसरी बोट धरणार, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? त्यांच्या घरी चूल पेटायची असते.

गिअरबॉक्स उघडण्याआधी मी कूलर हातात घेतला. ऑइलच्या वाटेचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून कॉम्प्रेसरची हवा भरली आणि कूलर पाण्याच्या टाकीत बुडवला. नळीच्या तोंडातून बुडबुड्यांची बारीक माळ वर येऊ लागली. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून पाणी आत येत नव्हतं. इंजिन बंद झालं की दाब उतरायचा आणि रात्रभर खारं पाणी झिरपायचं.

आत तेच लिहिलेलं होतं. पुढच्या संचाच्या प्लेटांचं अस्तर फुगून सुटलेलं, पोलादी प्लेटा उष्णतेने निळ्या पडलेल्या, बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे. गिअरचे दात मात्र शाबूत होते. अलहम्दुलिल्लाह, म्हणजे गिअरबॉक्स वाचणार होता.

माझ्याकडे शिकणारा मुलगा लगेच पाना घेऊन सरसावला. त्याला मी आधी वही दिली. प्रत्येक भाग निघाला की फोटो, चिठ्ठी, आणि स्वच्छ कापडावर त्याच क्रमाने मांडणी. ऑइलच्या वाटा धुऊन हवेने साफ केल्या. पोलादी प्लेटा जाड काचेवर ठेवून वाकल्यात का ते पाहिलं. वाकलेल्या बाद केल्या. नव्या प्लेटांची जाडी मायक्रोमीटरने मोजली. बेअरिंग, सील आणि कूलर नवे घातले. जोडणी झाल्यावर क्लचच्या ऑइलच्या वाटेत हवा सोडली. ‘टप्’ आवाज करून संच आवळला आणि आवळलेलाच राहिला. मगच वरचं झाकण लावलं.

शेवटचं माप रत्नागिरीत घ्यायचं होतं. बोट किनाऱ्यावर असताना तिचा आकार वेगळा असतो, पाण्यात उतरली की किंचित बदलतो. म्हणून गिअरबॉक्स आणि पंख्याच्या शाफ्टची जोडणी बोट पाण्यात तरंगत असतानाच सरळ करायची. दोन फ्लँजमधली फट चारही बाजूंनी फीलर गेजने मोजली. खाली जास्त होती. इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्रे घालून ती सारखी केली. सगळा खर्च नव्या गिअरबॉक्सच्या किमतीहून बराच कमी आला. व्याजाचा प्रश्न उरला नाही. 1 ऑगस्टला बोट निघाली. आता दर जुम्याला मामू मला ऑइलच्या पट्टीचा फोटो पाठवतात. ऑइल स्वच्छ असतं.

आधीची दुरुस्ती कुणी केली, हे मी विचारलं नाही. नाव कळून गीबतीखेरीज काही हाती लागलं नसतं. शिवाय घाई मालकाचीही असते. “काय जळालंय तेवढं बदल आणि दे,” असं आपणच सांगतो.

आपली कितीतरी मुलं गॅरेजमध्ये आणि वर्कशॉपमध्ये घडतात. त्यांचा हात चांगला असतो, नजर तेज असते. कमी पडतं ते माप आणि नोंद. सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. त्यांना चिलखतं बनवायला सांगताना कड्या मापात जोडण्याची ताकीदही दिली आहे. एका नबीला कारागिरी शिकवताना मापाची आठवण करून दिली जाते, यावर आपल्या प्रत्येक मिस्त्रीने विचार करावा. आपल्या हाताच्या कमाईवर जगण्याबद्दल प्यारे नबी (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) यांनीही हजरत दाऊद यांचंच उदाहरण दिलं आहे.

दुरुस्तीला आलेली वस्तू ही अमानत असते. बंदराच्या तोंडाशी लाटा उसळत असताना पंखा फिरेनासा झाला, तर बोट खडकांवर जाते आणि बोटीत माणसं असतात. मुलाला पाना हातात देताना आई-वडिलांनी आणि उस्तादांनी एवढं जरूर शिकवावं: मोडलेलं बदलण्याआधी ते का मोडलं हे शोध, आणि सापडलं नाही तर तसं ग्राहकाला खरं सांग. अशा मेहनतीच्या रोजीत अल्लाह बरकत देवो. आमीन.