पत आणि कुजबुज

व्यापाऱ्याचे भांडवल तिजोरीत असते. त्याची पत मात्र लोकांच्या मनात वास करते. तिजोरीला कुलूप घालता येते, लोकांच्या मनाला घालता येत नाही. म्हणून समूहाचे मन कसे चालते, हे पेढी सांभाळणाऱ्याने जाणून घेतले पाहिजे. १९७३ च्या डिसेंबरात जपानच्या आइची प्रांतात घडलेला एक प्रसंग या दृष्टीने मननीय आहे.

तेथे तोयोकावा शिंकिन ही सहकारी धर्तीची पतसंस्था होती. ८ डिसेंबरला आगगाडीतून निघालेल्या तीन शाळकरी मुलींपैकी एकीची तेथे नोकरी ठरली होती. ‘तिथे धोका असतो हं,’ असे मैत्रिणीने थट्टेने म्हटले. मैत्रिणीच्या मनात दरोडेखोर होते. मुलीने नात्यातील बाईंना विचारले, ‘शिंकिनमध्ये धोका असतो का?’ त्या बाईंना दरोडा सुचला नाही, दिवाळे सुचले. त्यांनी दुसऱ्या नातलगाकडे चौकशी केली. तेथून ती गोष्ट केशभूषेच्या दुकानात आणि पुढे एका लाँड्रीत पोहोचली. तेलटंचाईमुळे लोक आधीच धास्तावलेले होते.

१३ डिसेंबरला एका गृहस्थाने त्याच लाँड्रीतील दूरध्वनीवरून शिंकिनमधून १२ लाख येन काढण्यास सांगितले. त्याला निव्वळ पैशांची गरज होती. अफवा त्याच्या कानीही नव्हती. लाँड्रीवाल्यांना मात्र तो पुरावाच वाटला. त्यांनी स्वतःचे १८ लाख येन काढले आणि ओळखीच्यांना सावध केले. त्या दिवशी एका टॅक्सीचालकाने प्रवाशांचे बोल ऐकले. दुपारी ‘संस्था अडचणीत असावी’, थोड्या वेळाने ‘अडचणीत आहे’, सायंकाळी ‘बुडणार’ आणि रात्री ‘उद्या दारच उघडणार नाही!’

संस्थेने नोटांच्या थप्प्या ठेवीदारांना दिसतील अशा रचल्या. मध्यवर्ती बँक पाठीशी उभी राहिली, तेव्हा गर्दी ओसरली. तोवर अब्जाहून अधिक येन बाहेर गेले होते. पोलिसांनी अफवेचा माग मुळापर्यंत काढला, पण हेतुपुरस्सर खोटे बोललेला एकही मनुष्य सापडला नाही.

या प्रसंगातील चिंतेची बाब हीच. सारे सज्जन होते, एकमेकांचे हितचिंतक होते. प्रत्येकाने ऐकलेल्या गोष्टीत आपली किंचित खात्री मिसळली आणि वाटेत प्रश्नचिन्ह गळून पडले.

आपल्या बाजारपेठेतही ‘अमक्याचा हात आखडला आहे का?’ हा प्रश्न दुसऱ्या दुकानी ‘आखडला आहे’ असा होतो. तिसऱ्या दुकानी त्याची उधारी थांबते आणि धडधाकट धंदा खरोखरच अडचणीत येतो. बोलणाऱ्यांना मात्र आपलेच अनुमान खरे ठरल्याचे समाधान लाभते.

जमाखर्चात पावतीवाचून नोंद करू नये, हा संस्कार व्यापारी घरात बालपणीच होतो. दुसऱ्याच्या पतीविषयी बोलतानाही तोच नियम पाळावा. शंका आलीच, तर ज्याच्याविषयी आली त्यालाच जाऊन विचारावे.