सेगावची पत्रं आणि लॅपटॉपचा मोडेम

मुलांनो, आमच्या वर्धा जिल्ह्यातलं सेवाग्राम तुम्हांला ठाऊक असेलच. पण त्याचं हे नाव मूळचं नाही, बरं का! १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले, तेव्हा गावाचं नाव होतं सेगाव. गांधीजींना रोज टपाल येई ते ढीगभर. आणि तिकडे बुलढाणा जिल्ह्यात, रेल्वेच्या रस्त्यावर, शेगाव! नावात फरक तो केवढा? पत्रं भलतीकडे जाऊ लागली. शेवटी १९४० साली गावाचं नावच बदलून सेवाग्राम ठेवलं.

आता यात बिघडलं काय होतं? गाव आपल्या जागी होतं, पत्रंही खरी होती. घोटाळा होता तो फक्त ओळखीचा. कॉम्प्युटरच्या पोटातही अगदी असाच घोटाळा होतो. कसा, ते ऐका.

२००४ सालची गोष्ट. वर्ध्यात आमच्या शेजारी नववीतली एक मुलगी राहायची. तिचे बाबा नोकरीसाठी आखातात. परदेशी फोन महाग, म्हणून ई-मेलसाठी त्यांच्या घरी एक जुना लॅपटॉप आणला होता. त्यावर लिनक्स होतं. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलेली ही यंत्रणा फुकट मिळते आणि तिची आतली रचना कुणालाही पाहता येते. बाकी सगळं छान चाले. मोडेम तेवढा बोलेना! दुरुस्तीवाल्यानं सांगून टाकलं, "मोडेम गेला जी याचा. नवीनच घ्या लागते." नव्यासाठी पैसे कुठून आणायचे? ती हिरमुसून विचारू लागली, "काका, खरंच गेला का हो?"

तर आधी मोडेम म्हणजे काय ते पाहू. कॉम्प्युटरला शून्य आणि एक एवढंच कळतं, टेलिफोनच्या तारेला कळतो आवाज. या दोघांमधला दुभाषा म्हणजे मोडेम. जुने मोडेम हे काम स्वतःच करत. पुढं लॅपटॉपमध्ये स्वस्त मोडेम आले. ते बरंचसं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर सोपवत, आणि ते कसं करायचं हे सांगायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागे. ज्या चिपचा मोडेम, तिचाच ड्रायव्हर हवा. दुसऱ्याचा चालायचा नाही.

आम्ही लिनक्सला 'एल-एस-पी-सी-आय' ही आज्ञा दिली. तिनं आतल्या भागांची यादी दाखवली. मोडेमपुढं एका कंपनीचं नाव होतं, आणि त्याच नावाचा ड्रायव्हर कुणीतरी आधीच घालून ठेवला होता. तरीही फोन मुकाच!

मग प्रश्न असा, की ते नाव आलं कुठून? गंमत अशी, की भाग आपलं नाव कधीच सांगत नाही. तो सांगतो फक्त दोन क्रमांक, एक कंपनीचा आणि एक वस्तूचा. उदाहरणार्थ, इंटेल कंपनीचा क्रमांक ८०८६. तिच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध चिपचं नावही हेच! लिनक्स तो क्रमांक आपल्याजवळच्या यादीत शोधतं आणि समोरचं नाव वाचून दाखवतं. यादीत क्रमांक नसला की म्हणतं, "अनोळखी".

हा झाला कॉम्प्युटरचा पिनकोड. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. सेवाग्रामचा ४४२१०२, शेगावचा ४४४२०३. नावं भांडतील, आकडे भांडायचे नाहीत.

पण पिनकोडवरून कळतं ते पोस्ट ऑफिस. घर कुठं कळतं? त्या काळच्या अनेक लॅपटॉपमध्ये मोडेमचे दोन तुकडे असत. एक, मुख्य पाटीवरचा नियंत्रक. दुसरी, त्याच्या मागे एका छोट्या कार्डावर बसवलेली खरी मोडेम-चिप. ती पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीची असे. यादीत दिसे तो नियंत्रक! चिपची खूण वेगळी, तीन इंग्रजी अक्षरांची. 'सी-एक्स-टी' म्हणजे कोनेक्संट, 'एस-आय-एल' म्हणजे सिलिकॉन लॅब्ज. ही खूण वाचायला 'स्कॅनमोडेम' नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळत असे.

तो चालवला आणि उलगडा झाला. दारावरची पाटी एकाची, आत राहणारा दुसराच! आधीचा ड्रायव्हर काढला, चिपचा खरा ड्रायव्हर घातला, फोनची तार जोडली. आधी 'टूंऽऽ' ऐकू आलं, मग ती ओळखीची कुईंकुईं आणि खरखर. मोडेम मुळी गेलाच नव्हता. त्याला त्याच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती, इतकंच. त्याच रात्री बाबांना पत्र गेलं. पैसा एक लागला नाही.

आजच्या लॅपटॉपमध्ये असे मोडेम नसतात. पण वायफायचं कार्ड, कॅमेरा, प्रिंटर यांची ओळख अजूनही अशाच क्रमांकांवरून पटते. एखादा भाग चालेनासा झाला तर लगेच "गेला" म्हणू नका. लिनक्स असेल तर त्याच आज्ञेपुढं जागा सोडून एक आडवी रेघ आणि 'एन-एन' लिहा. नावाबरोबर क्रमांकही दिसतील. मग पाहा, त्याच्या मागे आणखी कुणी दडलंय का.

आणि हो, क्रमांकांची ती यादी जगभरातले स्वयंसेवक सांभाळतात. नवी नोंद कुणीही सुचवू शकतं. तुमच्या घरच्या लॅपटॉपमध्ये एखादा "अनोळखी" सापडला, तर नीट खात्री करून त्याचं नाव तुम्हीच कळवा की! पुढं कुठल्या तरी गावात कुणाचा तरी लॅपटॉप त्यामुळं भंगारात जायचा वाचेल.