किंगरीची कमान

पूर्व विदर्भाच्या मुलखात परधानांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलेल्या तीन तारांच्या किंगरीचे मर्म स्वरांपेक्षा कमानीत अधिक आहे, असे ती वाजविता वाजविता माझ्या मनाने पक्के घेतले आहे.

जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीतील नोकरी सांभाळून मी प्रथम व्हायोलिन शिकलो आणि मग किंगरीकडे वळलो, तेव्हा व्हायोलिनवर कष्टाने साधलेला लांब, अखंड स्वर येथे बाजूस ठेवावा लागला. कथेकरी श्वास घेतो तेवढ्या अवकाशात कमान आखूड आणि जोरकस फिरते. तो गाऊ लागला की राळ लावलेले घोड्याचे केस तारेला जेमतेम स्पर्शत राहतात, आणि त्यातून निघणारा किंचित घोगरा नाद मानवी कंठात असा मिसळतो की कंठ कोठे थांबला व किंगरी कोठे लागली, हे निश्चयाने सांगता येत नाही.

गोंड यजमानांच्या वंशावळी आणि देवकथा गाणे ही परधानांची वंशपरंपरागत वहिवाट. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेत कोंडलेल्या ३३ बालकांना हिरासुका पाटालीरच्या वादनाने बळ आले, त्यांनी दाराची शिळा ढकलली आणि तिच्याखाली तो वादकच चिरडला गेला, असे परंपरा सांगते. ज्या समाजाने आपल्या मुक्तीच्या कथेत वादकाला एवढे थोर स्थान दिले, त्याच्या लेखी वाद्य हे केवळ साथीचे साधन कसे असेल?

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिहून घेतलेली, गोंडांचा पुराणनायक लिंगो याची गोंडी कथा त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. शब्द दफ्तरी दाखल झाले. मनगटाची चाल कागदाच्या हाती लागणारी नव्हती. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातील फिडलवादक टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) यांनी वडिलांकडून उचललेल्या गतींची ध्वनिमुद्रणे उपलब्ध असतानाही, त्यांची कमान डोळ्यांनी पाहण्यासाठी दूरदूरचे तरुण त्यांच्या घरी येऊन राहत, ते याच कारणाने.

म्हणून ध्वनिमुद्रण अवश्य व्हावे. परंतु त्याबरोबरच भंडारा-गोंदियाच्या शाळांनी वृद्ध परधान वादकांस मानधन देऊन सन्मानाने पाचारण करावे, आणि मुलांनी त्यांच्या उजव्या हाताशी बसून शिकावे, कारण ही विद्या एका मनगटातून दुसऱ्या मनगटातच जाते.