सोप्यावरच्या गाद्या

मे महिना सरत आला की गोव्यातील घराघरांतून पुरुमेंताची धांदल उडते. मिरच्या, आमसुले, सुकी मासळी यांची बेगमी सारेच करतात. परंतु ओसरीवरील सोप्यावर अंथरलेल्या गाद्यांची आठवण फार थोड्यांना होते. आमच्या घरी ते काम मजकडे असते. माझ्या वडिलांना दम्याचा विकार आहे. सायंकाळी घटकाभर सोप्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करावी, एवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध उरला आहे. बुरशी धरलेल्या गादीवर कोणी बसले की तिची सूक्ष्म बीजे हवेत उडतात आणि दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. म्हणून ही गोष्ट मी हौसेवारी नेत नाही.

विद्यार्थी मित्रहो, हल्लीच्या कृत्रिम धाग्याच्या खोळी कुजत नाहीत, हे खरे. परंतु त्यांवर बसलेली धूळ, घाम, डोक्याचे तेल यांवर बुरशी पोसते. यास्तव प्रथम खोळी सौम्य साबणाने धुवाव्यात. सावरीचा कापूस मात्र धुऊ नये, त्याच्या गुठळ्या होतात. त्याचे तंतू पोकळ व मेणचट असल्यामुळे पाणी त्यांत सहसा शिरत नाही. पूर्वी बुडत्याला तरंगत ठेवणारी जाकिटेही अशाच कापसाने भरीत! त्याला ऊन दाखवून काठीने झोडपले की पुरे.

खरी फसवी ती फोमची गादी. वरून तासाभरात कोरडी भासते, पण पाणी पोटात दडून राहते. ती आडवी न ठेवता कडेवर उभी करावी, म्हणजे पाणी खाली निथळते. दोनतीन दिवस उन्हात ठेवल्यावर कोरडे फडके लावून खालची कड जोराने दाबावी. फडके ओलावले तर आणखी एक दिवस. उन्हातून आणलेली गादी निवल्यावाचून बांधू नये.

प्लॅस्टिकच्या पिशवीत गादी कोंडणे मला मुळीच मान्य नाही. राहिलेला ओलावा आतच अडकतो. जुन्या सुती चादरीत गुंडाळून, पाझरणाऱ्या भिंतीपासून दूर, माळ्यावरच्या फळीवर ती ठेवावी. डांबराच्या गोळ्या आमच्याकडे वर्ज्य, कारण त्यांचा उग्र वास बाबांना सोसत नाही. वाळलेला कडुलिंब किडींसाठी ठीक. बुरशीवर त्याचा भरवसा ठेवू नये.

हे सारे मृगापूर्वी उरकते. नंतर बाबा वेताच्या खुर्चीवर घडीची गोधडी घालून बसतात. ती निदान पंख्याखाली वाळते. श्रावणात उघडीप पडली की मला हाक येते, आणि माळ्याला शिडी लागते.