चार इंचांचा हिशेब

पोस्टानं आलेला खोका उघडला, तर आत दोन चकचकीत पोलादी तुकडे होते. प्रत्येकी सहा इंच लांब, एका टोकाला बाहेरून आटे पाडलेले. मोटरसायकलच्या पुढच्या नळ्यांच्या तोंडाशी हे पिळून बसवायचे, की पुढचा चिमटा सहा इंचांनी लांब होतो. एका संध्याकाळचं काम, असं मी धरून चालले होते. त्या गोष्टीला आता सात महिने झाले.

गाडी १९७४ ची होंडा सीबी ७५०. कॅलिफोर्नियात हेवर्डला आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची. सत्तरच्या दशकात त्यांनी स्वतः चॉपर, म्हणजे लांब चिमट्याच्या मोटरसायकली, बांधल्या. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी ही अर्धवट राहिलेली गाडी मला विकली. मागची सीट, हँडल, टाकी त्यांनी तेव्हाच बदललेली. पुढचा चिमटा मात्र कारखान्यातून आला तसाच. मी इचलकरंजीची. मोटरसायकल चालवायचा परवाना मला चाळिशीनंतर मिळाला. लहानपणी बाबांच्या राजदूतच्या टाकीवर बसून बाजारात जायची, तेवढाच माझा पूर्वानुभव. पण ‘ईझी रायडर’ सिनेमातल्या त्या गाडीचं चित्र डोक्यात घट्ट बसलं होतं. चाक कितीतरी पुढे गेलेलं, दोन लखलखीत नळ्या तिरप्या उतरलेल्या. मला तीच रेघ हवी होती.

तुकडे घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते हातात घेऊन आट्यांवरून नख फिरवलं आणि एकच विचारलं, “जोड कुठे येणार?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पुढच्या दोन नळ्या दोन ठिकाणी आडव्या पकडींत धरलेल्या असतात. या पकडींना ‘टी’ म्हणतात; एक वरची टी, एक खालची. खड्डा लागला किंवा ब्रेक दाबला, की नळी वाकू पाहते आणि हा ताण सर्वांत जास्त येतो तो खालच्या टीपाशी. सहा इंचांचा तुकडा वर लावून मूळ नळी तेवढीच खाली सरकवली, तर माझ्या गाडीत जोड नेमका खालच्या टीच्या जरा वर येत होता. शिवाय आटे पाडलेल्या जागी नळीची भिंत आधीच पातळ झालेली असते. म्हणजे सगळी गाडी जिथे सर्वांत जास्त भार टाकणार, तिथेच मी आट्यांवर विसंबणार होते. “हे तुकडे लावलेल्या गाड्या मी पाहिल्यात,” ते म्हणाले, “आणि नंतर त्यातल्या काही उचलायलाही गेलोय.”

ते तुकडे मी कपाटात ठेवून दिले. लांबवायचंच असेल तर अखंड लांब नळ्या घ्यायच्या, एवढं ठरलं. किती लांब, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दहा इंच. ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी मला ओळंबा, दोरी आणि गुण्या दिला, आणि आधी गाडी मोजून ये म्हणाले.

त्या शनिवारी गॅरेजच्या जमिनीवर मी पाच तास बसले होते. गाडी सरळ उभी केली. पुढच्या चाकाच्या आसापासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं फुली मारली, टायर टेकतं ती जागा. मग ज्या नळीत हँडल फिरतं, त्या चासीच्या मानेच्या रेषेत एक लांब पट्टी धरली आणि ती रेषा जमिनीला मिळते तिथे दुसरी फुली मारली. दुसरी फुली पहिलीच्या पुढे होती, सुमारे दहा सेंटिमीटर. हाच ट्रेल. ऑफिसातल्या खुर्चीचं छोटं चाक जसं आपल्या दांड्याच्या मागे मागे येतं, तसं टायर या रेषेच्या मागे येतं. म्हणूनच चालती मोटरसायकल हात सैल सोडले तरी सरळ जाऊ पाहते. मानेचा उभ्या रेषेशी कोन आला २७ अंश.

आता हे आकडे घेऊन दहा इंच वाढवायचे होते. इथे मी पहिल्यांदा खरीखुरी गोंधळले. मला वाटत होतं, चिमटा लांब झाला की चाक पुढे जातं, बस. पण मागचं चाक जागेवरच असतं. पुढचा भाग उचलला गेला की सगळी गाडी मागच्या आसाभोवती वर फिरते, आणि मानेचा कोनही तिच्याबरोबर फिरतो. मी आलेखाच्या कागदावर पुन्हा पुन्हा काढलं. दहा इंचांना चासी जवळजवळ ९ अंश मागे कलते, मानेचा कोन ३६ च्या आसपास जातो आणि ट्रेल १० चा १६ सेंटिमीटर होतो. सहा इंचांना चासी ५ अंश कलते, ट्रेल साडेतेरा. चार इंचांना साडेतीन अंश, ट्रेल बारा.

कागद पाहून ते मला घेऊन पुन्हा गाडीपाशी आले आणि चासी ९ अंश कलणं म्हणजे काय ते बोटानं दाखवत गेले. चारही कार्ब्युरेटर मागे झुकणार, वाटीतल्या पेट्रोलची पातळी तिरकी होणार. हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडणार. साइड स्टँड आखूड पडून गाडी एका अंगाला जास्तच ओणवणार. ब्रेकचा नळा आणि चाकापासून मीटरपर्यंत जाणारी केबल दोन्ही अपुरी पडणार. आणि नळीचा टीखाली लोंबणारा भाग सव्वापट झाला, तर तेवढ्याच धक्क्याला ती जवळजवळ दुप्पट वाकणार, कारण वाक लांबीच्या तिसऱ्या घातानं वाढतो. नळी जितकी आडवी, तितका खड्ड्याचा धक्का तिला लांबीच्या दिशेनं दाबण्याऐवजी आडवा ढकलतो. सरकणारा भाग अडतो आणि शॉकअप असून नसल्यासारखा होतो.

“मग त्या सिनेमातल्या गाड्या?” मी विचारलं.

त्यांनी खणातून पिवळं पडलेलं एक मासिक काढलं. त्या गाड्यांची मान कापून, तिचा कोन वाढवून पुन्हा वेल्ड केली होती. मान कलवली की गाडीचं तोंड खाली येतं. मग ती सपाट राहावी म्हणून चिमटा लांबवावा लागतो. लांबी आणि कोन ही जोडीनं चालणारी गोष्ट होती. मी फक्त अर्धी पाहिली होती. घरी येऊन तोही हिशेब केला. मान २७ वरून ४० अंशांवर नेली, तर गाडी सपाट ठेवण्यासाठी चिमटा सुमारे एक षष्ठांशानं लांब लागतो. पण ट्रेल १९ सेंटिमीटरच्या वर जातो. तो कमी करायला कोन दिलेल्या टी मिळतात. त्या चाकाला मानेच्या रेषेपुढे ढकलतात, म्हणून ट्रेल घटतो. नुसत्या दिसण्यासाठी, मान न कापता आणि चिमटा न लांबवता त्या लावल्या, तर ट्रेल इतका आटतो की वेगात हँडल थरथरू लागतं. एकाच वस्तूनं एका गाडीला तारायचं आणि दुसरीला मारायचं, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्याच मासिकावर बोट ठेवून त्यांनी मला दोन नावं सांगितली. क्लिफ व्हॉन आणि बेन हार्डी. ‘ईझी रायडर’च्या गाड्या यांच्या हातच्या. दोघेही लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय कारागीर. हार्डींचं तिथे गॅरेज होतं. व्हॉन नागरी हक्कांच्या चळवळीत कॅमेरा घेऊन फिरलेले. पोलिसांनी वापरून लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले घेऊन त्यांनी जगातल्या सर्वांत ओळखीच्या मोटरसायकली घडवल्या. १९६९ साली सिनेमा आला, पण श्रेयनामावलीत त्यांची नावं नव्हती, आणि पुढची कित्येक दशकं बहुतेकांना ती माहीतही नव्हती. मी इतकी वर्षं ती रेघ मनात बाळगली होती आणि ती कुणी ओढली हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. जमिनीवर खडूच्या दोन फुल्या मारताना मला जो घाम फुटला, तो हिशेब त्यांच्या हातात होता.

मी मान कापणार नव्हते. ते काम माझ्या हाताचं नव्हे. न कापलेल्या चासीला सोसेल एवढंच करायचं ठरवलं. चार इंच.

३५ मिलिमीटर व्यासाच्या, मूळपेक्षा चार इंच लांब नळ्या बनवून मागवल्या. आल्या तेव्हा त्या गृहस्थांनी आधी त्या टेबलाच्या काचेवर लोळवायला लावल्या. नळी वाकडी असेल तर काच आणि तिच्यामधली उजेडाची फट कमीजास्त होत राहते. फट एकसारखी होती. मग इंजिनाखाली जॅक लावून चाक उचललं. ब्रेकचा कॅलिपर तारेनं चासीला बांधला, त्याचं वजन नळ्यावर येऊ नये म्हणून. टीचे बोल्ट सैल करून जुन्या नळ्या डावी-उजवीकडे फिरवत खाली ओढल्या; पन्नास वर्षांचा गंज सोडायला तयार नव्हता. वरची टोपी उघडताना त्यांनी माझा चेहरा हातानं बाजूला केला, कारण खाली स्प्रिंग दाबून बसलेली असते.

नळी लांब झाली, पण स्प्रिंग जुनीच. मग वरच्या रिकाम्या चार इंचांत काय भरायचं? यावर मी रात्रभर विचार केला होता. उत्तर साधं निघालं: स्प्रिंगच्या वर चार इंचांचा पाइपचा तुकडा आणि मध्ये वायसर. तेल मात्र वाढवायचं नाही. तेलाचं काम तळाशी असतं, नळी वर वाढली म्हणून तळाची गरज वाढत नाही. नव्या ऑइल सीलला नळीच्या धारेनं चीर पडू नये म्हणून नळीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चढवून सील सरकवलं. ब्रेकचा नळा लांब आणला आणि चाक हवेत लोंबत असताना हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, कुठे ताणतो का. शेवटी आस घट्ट करण्याआधी गाडी खाली उतरवून पुढचा भाग चार-पाच वेळा दाबला, म्हणजे दोन्ही नळ्या आपापली समांतर जागा शोधतात. मग बोल्ट आवळले.

तीन दिवसांनी बाबांचा फोन आला. “अगं, सायकलचा चिमटा वाकला तर ती सरळ चालत नाही. तू लांब करून बसलीस, चाक मान टाकतं का?” मी थक्क झाले. मोकळ्या पार्किंगमध्ये पहिल्या दिवशी नेमकं तेच झालं होतं. चालण्याच्या वेगानं वळताना हँडल हातातून एका बाजूला पडू पाहत होतं. या पडण्याला माझ्याकडे आकडे होते, शब्द नव्हता. तो इचलकरंजीहून आला.

मग एका रविवारी सकाळी मी फ्रीमाँटहून सुनोलकडे जाणाऱ्या नाइल्स कॅन्यनच्या रस्त्यावर गेले. एका बाजूला डोंगर, खाली अलामेडा क्रीकचं पाणी. हळू वळणांवर गाडीला आधीच सांगावं लागतं, खांदा वळवून. पण रस्ता सरळ झाला आणि वेग ताशी ४० मैलांवर गेला, तेव्हा हँडल माझ्या हातात शांत बसलं. जमिनीवर मोजलेले ते दोन जास्तीचे सेंटिमीटर मला तळव्यांत जाणवत होते. समोर पाहिलं तर चाक पूर्वीपेक्षा थोडंसंच पुढे होतं. सिनेमातल्या गाडीसारखं मुळीच नाही. तरी एवढी सुंदर रेघ मी आजवर पाहिली नव्हती, कारण तिच्यातलं प्रत्येक अंतर मला ठाऊक होतं.

परत आले तर ते म्हातारे गृहस्थ फाटकापाशी उभे होते. त्यांनी नळ्यांवरून बोट फिरवून तेल गळत नाही ना ते पाहिलं. म्हणाले, “जुन्या नळ्या टाकू नकोस. कधीतरी कुणाला ही गाडी मूळ रूपात आणावीशी वाटेल.”

मी त्या पुसून, तेल लावून फडक्यात गुंडाळल्या. आत एक कागद ठेवला. त्यावर मानेचा जुना कोन, जुना ट्रेल, नवा कोन, नवा ट्रेल, पाइपच्या तुकड्याची लांबी. त्याखाली कुणी बांधलं ते लिहिलं. पहिलं नाव त्यांचं, मग माझं.