जुनी गाडी तीन महिने उभी ठेवताना

आमच्याकडे 1968 सालची महिंद्रा एफसी-150 पिकअप आहे. सासऱ्यांनी ती फर्निचरच्या कारखान्यासाठी घेतली होती. इंजिन जीपचंच, चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. पण समोर बॉनेट नाही. इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधे झाकणाखाली असतं. कारखाना बंद झाला, सासरे गेले, गाडी राहिली. जयपूरला गोपालपुरा बायपासच्या आतल्या गल्लीत आमचं घर आहे. तिथल्या पोर्चमध्ये ती उभी असते.

मुलगी पुण्याला असल्यामुळे आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी तिकडे जातो आणि फेब्रुवारी संपताना परततो. जयपूरची थंडी माझ्या यजमानांच्या गुडघ्यांना सोसत नाही. गाडी मात्र इथेच राहते.

पहिल्या वर्षी आम्ही तिच्यावर प्लास्टिकची ताडपत्री बांधली आणि किल्ली शेजारच्या भाईसाहेबांकडे दिली. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करत जा, असं त्यांना सांगितलं होतं. सगळेच असं सांगतात. त्यांनी ते मनापासून केलंही. आम्ही परतलो तेव्हा बॅटरी पूर्ण बसलेली होती. मागचं एक चाक हलेना, ब्रेकचे शू ड्रमला चिकटले होते. ताडपत्रीखाली पत्र्याला पाणी सुटून रंगाला फोड आले होते. इंजिनाचं झाकण उघडलं तर आत चिंध्यांचं घरटं आणि कुरतडलेल्या वायरी. आमच्या भागात कोचिंगच्या मुलांची होस्टेलं आणि मेस खूप आहेत. उरलेलं अन्न गल्लीत येतं, त्यामागे उंदीर येतात. आमची केबिन त्यांना आयतीच मिळाली. सासऱ्यांची गाडी त्या अवस्थेत बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

एका जुन्या मिस्त्रींनी ती परत रस्त्यावर आणली. ते म्हणाले, "भाभीजी, ठंड से नहीं, खड़े रहने से गाड़ी बिगड़ती है." मग त्यांनी कारणं समजावली. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. पेट्रोल जळताना तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच राहतं. जुन्या गाडीचा डायनॅमो मंद फिरताना जवळजवळ चार्जिंग देत नाही, म्हणून प्रत्येक स्टार्टला बॅटरी थोडी थोडी रिकामी होते. जयपूरला शेखावाटीतल्या फतेहपूरसारखं पाणी गोठत नाही. पण दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो, त्यामुळे बंद जागेत दव धरतं.

पुढच्या वर्षी निघण्याच्या आधी आम्ही त्यांना घरी बोलावलं. आधी गाडी टोंक रोडपर्यंत नेऊन आणली, इंजिन चांगलं तापू दिलं. गरम असतानाच ऑइल बदललं. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती महिनोन्महिने बेअरिंगला लागून राहू नये म्हणून. रेडिएटरमध्ये आधी बोअरचं क्षारांचं पाणी होतं. ते काढून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरलं, कारण कूलंट गंजही रोखतं. ब्रेक ऑइलही नवीन घातलं, तेही हवेतली ओल शोषतं.

पेट्रोलवर त्यांनी सर्वात जास्त वेळ घालवला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराचे पाइप, गाडीतल्या इंधन पंपाचा पडदा खराब करतं. शिवाय बंद घराच्या पोर्चमध्ये भरलेली टाकी ठेवायची मला भीती वाटत होती. म्हणून टाकी रिकामी केली. कार्बोरेटर कोरडा पडून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत ते चालवलं. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून आत थोडं टू-टी ऑइल फिरवून घेतलं.

मग चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकलं, हँडल मारून इंजिन काही वेळा फिरवलं आणि प्लग परत बसवले. बॅटरी काढून घरात लाकडी फळीवर ठेवली, पूर्ण चार्ज करून. ॲक्सलखाली घोड्या लावून चाकं जमिनीपासून उचलली, म्हणजे टायर एका जागी चपटे होत नाहीत. हँडब्रेक सोडून ठेवला. क्लच प्लेट चिकटू नये म्हणून पेडल दाबून ते आणि सीट यांच्या मधे लाकूड अडकवलं. सायलेन्सरचं तोंड आणि एअर क्लीनरचं नळकांडं भांडी घासायच्या तारेच्या घासणीने बंद केलं. केबिनच्या तळाच्या फटींमध्येही तीच कोंबली. पोटमाळ्यावरच्या जुन्या सुती चादरी जोडून कव्हर शिवलं, त्यातून हवा खेळते. स्टीअरिंगला लाल कापड बांधून चिठ्ठी लावली: पेट्रोल नाही, घासण्या काढल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

विम्याचं नूतनीकरण जानेवारीत येत होतं, ते निघण्याआधीच करून घेतलं. उभ्या गाडीलाही आग आणि चोरीचा धोका असतो. मुदत संपून 90 दिवस उलटले तर नो क्लेम बोनसही जातो.

त्या थंडीत पुण्याला असताना मी भाईसाहेबांना अनेकदा फोन केला. कव्हर उचलून फक्त बघा, एवढंच सांगत होते.

परतल्यावर सगळं उलट्या क्रमाने केलं. घासण्या आणि लाकूड काढलं, बॅटरी लावली. टाकी थोड्या पेट्रोलने धुऊन मग ताजं भरलं. प्लग काढून आधी हँडल मारलं, म्हणजे ऑइल वर चढतं. प्लग बसवून स्टार्टर दिला. थोडा पांढरा धूर आला आणि इंजिन सुरू झालं. एका टायरचा व्हॉल्व्ह गळत होता, तेवढाच बदलावा लागला. उंदरांचा मागमूस नव्हता. ब्रेक मोकळे होते.

घर बंद करून जाणाऱ्यांना एवढंच सांगते. सगळं करायला वेळ नसेल तर निदान तीन गोष्टी करा. बॅटरी काढून ठेवा, पेट्रोल काढून टाका आणि उंदरांच्या वाटा बंद करा. आणि शेजाऱ्यांना किल्ली देऊन गाडी चालू करायला सांगू नका. त्यांना फक्त तिच्यावर नजर ठेवायला सांगा.