इन्सिडेंटल म्हणजे किरकोळ?

ऑनसाइट गेलेल्यांना हा शब्द बहुतेक वेळा पहिल्यांदा भेटतो तो हॉटेलच्या काउंटरवर. खोलीचे पैसे कंपनीने आधीच भरलेले असतात, तरी समोरचा माणूस क्रेडिट कार्ड मागतो. कशाला? तर 'फॉर इन्सिडेंटल्स'! लॉन्ड्री, मिनीबार वगैरे. आपल्या भाषेत वरखर्च.

गंमत म्हणजे शब्दाच्या मुळात 'किरकोळ' कुठेच नाही. लॅटिनमध्ये 'काडेरे' म्हणजे पडणं. त्याला 'इन' जोडून झालं 'इन्सिडेरे', म्हणजे अंगावर येऊन पडणं, घडणं. ॲक्सिडेंट, कोइन्सिडन्स, ऑकेजन, इतकंच काय, फ्रेंचमधून आलेला 'चान्स'सुद्धा याच घराण्यातला. सगळे 'पडणारे'!

मराठीत याला पुस्तकी शब्द आहे 'आनुषंगिक'. त्यातला संस्कृत धातू 'सञ्ज्', म्हणजे चिकटणं. 'प्रसंग'ही त्यातलाच. इंग्रजीत जे येऊन पडतं, ते आपल्याकडे येऊन चिकटतं. मला आपला शब्द जास्त पटतो. पडलेलं ओलांडून जाता येतं, चिकटलेलं बरोबरच येतं.

आमच्या धंद्यात तर हा शब्द फार महत्त्वाचा. फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ साली 'नो सिल्व्हर बुलेट' या निबंधात सॉफ्टवेअरच्या अडचणींचे ॲरिस्टॉटलच्या धर्तीवर दोन भाग केले: एसेन्शियल आणि ॲक्सिडेंटल. लोकांनी ॲक्सिडेंटलचा अर्थ 'योगायोगाने आलेलं' असा घेतला. शेवटी १९९५ मध्ये त्यांना खुलासा करावा लागला, की तसं नाही, मला 'इन्सिडेंटल' अभिप्रेत होतं. म्हणजे कामाच्या जोडीने येणारं.

आता आपल्या टीमकडे बघा. तुटलेला बिल्ड दुरुस्त करणारी, नवीन आलेल्या पोरांना सिस्टिम समजावणारी, रात्री साडेअकराला क्लायंटचा फोन घेणारी एक व्यक्ती असतेच. यातलं एकही काम प्लॅनमध्ये नसतं. सगळं इन्सिडेंटल. मग अप्रेझलच्या वेळी तिलाच विचारतात, "बाकी वर्षभर केलंस काय?"

'न ठरवता आलेलं' आणि 'बिनमहत्त्वाचं' यांची गल्लत होते ती इथे. हॉटेलवाला निदान इन्सिडेंटल्ससाठी आधीच पैसे अडकवून ठेवतो. आपणही पुढच्या एस्टिमेटमध्ये त्यासाठी एक ओळ ठेवावी. आणि तिच्यासमोर तास लिहावेत, नावासकट.